मुंबई–दिल्ली: १,१३८ किलोमीटर आणि सव्वादोन तास

मुंबईहून दिल्लीला विमानाने किती वेळ लागतो, या प्रश्नाला तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरी असतात. अंतर मोजून देणारी संकेतस्थळं १ तास ५५ मिनिटं सांगतात. तिकिटावर २ तास १५ मिनिटांच्या आसपास काहीतरी छापलेलं असतं. आणि विमानाची चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत जातात साधारण पावणेदोन तास. दादरच्या घराला कुलूप लावून कनॉट प्लेसला पोचायला सहा-साडेसहा तास लागतात, ते चौथं उत्तर. प्रवाशाच्या कामाचं खरं तर तेच.

आधी अंतर पाहू, कारण त्यात वाद नाही. विमानाचं अंतर शहर ते शहर नाही, विमानतळ ते विमानतळ मोजतात. मुंबईचा विमानतळ १९.०८९ अंश उत्तर, ७२.८६८ अंश पूर्व, दिल्लीचा २८.५६७ उत्तर, ७७.१०३ पूर्व. एवढ्यावर शाळेतला पायथागोरस पुरतो. अक्षांशांतला फरक ९.४७८ अंश. एका अंशाचे १११.२ किलोमीटर धरले की उत्तर-दक्षिण अंतर १,०५४ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.२३५ अंश, पण रेखांशाचा अंश उत्तरेकडे जाताना आखडत जातो, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे २३.८ अंशांच्या कोसाइनने (०.९१५) गुणायचं. पूर्व-पश्चिम अंतर आलं ४३१ किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ: १,१३८ आणि वर थोडंसं. गोलाकार भूमितीचं मोठं सूत्र वापरलं तरी १,१३८च येतं. भारतातल्या भारतात ही पद्धत चांगली चालते. मुंबई–न्यूयॉर्कला लावू नका, शेकडो किलोमीटरने चुकेल.

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो मैलांचा. १,१३८ किलोमीटर म्हणजे ७०७ साधे मैल, पण ६१५ नॉटिकल मैल. वैमानिक आणि विमानांचा माग दाखवणारी अ‍ॅप्स बहुतेक वेळा नॉटिकल मैलांत बोलतात. ६१५चा आकडा उचलून त्याला १.६ने गुणलं की ९८४ किलोमीटर येतात आणि दिल्ली दीडशे किलोमीटर अलीकडे सरकते. नॉटिकल मैलाला गुणायचं १.८५२ने.

ही रेघ नकाशावर ओढली तर ती जव्हार, नवापूर, झाबुआ, मंदसौर, बुंदी, दौसा, अलवर यांच्या जवळून जाते. विमान याच रेघेवरून जाईल असं नाही. ते ठरलेल्या हवाई मार्गांवरून, नाव दिलेल्या बिंदूंना जोडत जातं, आणि लष्करी हवाई क्षेत्र चालू असेल तर वळसा घेतं. राजधानी एक्स्प्रेस मुंबई सेंट्रलहून सुरत, वडोदरा, रतलाम, कोटा करत नवी दिल्लीला जाते तेव्हा सुमारे १,३८५ किलोमीटर कापते, म्हणजे आकाशातल्या रेघेपेक्षा अडीचशे किलोमीटर जास्त.

नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ला सुरू झाली. तिथून दिल्लीचं अंतर भरतं सुमारे १,१४१ किलोमीटर. तीन किलोमीटरचा फरक, म्हणजे हवेत पंधरा सेकंदसुद्धा नाहीत. कुठला विमानतळ बरा हे तुम्ही ठाण्यात राहता, पनवेलला राहता की वांद्र्याला, यावरच ठरवायचं. पुणे–दिल्ली १,१५७ किलोमीटर आहे. मुंबईपेक्षा पुणं दिल्लीपासून लांब आहे खरं, पण फक्त एकोणीस किलोमीटरने.

आता वेळ. या मार्गावर प्रामुख्याने एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ या घराण्यातली विमानं असतात. उंचीवर त्यांचा वेग मॅक ०.७८ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट), म्हणजे ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास. १,१३८ला ८३०ने भागलं की १ तास २२ मिनिटं येतात, आणि मग बाकीचा वेळ कुठे गेला म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो. कारण हा वेग फार थोडा वेळ असतो. १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी २५० नॉटिकल मैलांची, मर्यादा असते. ३५,००० फुटांवर चढायला वीस-बावीस मिनिटं आणि सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लागतात. उतरण्याचा ढोबळ हिशोब असा: जितके हजार फूट, त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. ३५ गुणिले ३, १०५ मैल, त्यात वेग कमी करायला आणखी दहा-बारा. म्हणजे दिल्ली सव्वादोनशे किलोमीटर लांब असतानाच, जयपूरच्या आसपास कुठेतरी, इंजिनांचा आवाज मंदावतो आणि कानात दडे बसायला लागतात.

चढण आणि उतरण वजा केली की सपाट उड्डाणाला उरतात जेमतेम ६९० किलोमीटर, म्हणजे पन्नास मिनिटं. सव्वादोन तासांच्या प्रवासात विमानाचा खरा वेग कामाला येतो तो एवढाच. त्यामुळे ‘उशीर झालाय, पण वैमानिक वेगाने नेऊन भरून काढेल’ या आशेत फार दम नाही. मॅक ०.७८ऐवजी ०.८० ठेवलं तर त्या पन्नास मिनिटांत वाचतो सव्वा मिनिट. तरीही अर्धा तास उशिरा निघालेलं विमान दहाच मिनिटं उशिरा पोचताना आपण पाहतो. ती वीस मिनिटं वेगाने मिळालेली नसतात, वेळापत्रकात आधीच भरून ठेवलेली असतात.

कारण तिकिटावरची वेळ ही उड्डाणाची वेळच नाही. तिला ब्लॉक टाइम म्हणतात: चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला पुन्हा अडसर लागले तिथपर्यंत. विमान स्वतःच चार वेळा नोंदवून कंपनीला पाठवतं, जागेवरून हललं, जमीन सोडली, जमिनीला टेकलं, जागेवर थांबलं. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन नोंदींमधला वेळ म्हणजे टॅक्सी. मुंबईत गर्दीच्या वेळी तो पंधरा ते पंचवीस मिनिटं सहज जातो. वेळापत्रक बनवणारे मागच्या हंगामांतल्या याच नोंदी बघून आकडा ठरवतात, आणि पंधरा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरला जातो म्हणून आकडा थोडा सैल ठेवण्याकडेच कल असतो. रात्री उशिराच्या किंवा पहाटेच्या विमानाने वीस मिनिटं आधी पोचण्यात कौतुक काही नाही. दिवसाच्या गर्दीसाठी शिवलेला सदरा रिकाम्या वेळी ढगळ होतो, इतकंच.

याच कारणाने अंतर आणि वेळ यांचं प्रमाण जुळत नाही. नागपूर–दिल्ली साधारण ८५४ किलोमीटर, मुंबई–दिल्लीच्या तीनचतुर्थांश. पण वेळ तीनचतुर्थांश होत नाही. टॅक्सी, चढण, उतरण, धावपट्टीसमोर रांगेत येणं हा खर्च छोट्या-मोठ्या प्रवासाला जवळजवळ सारखाच पडतो. संकेतस्थळांचं सूत्र ‘अंतर भागिले ८०० अधिक ३० मिनिटं’ असं काहीतरी असतं. ती ३० मिनिटं एखाद्या निवांत विमानतळाला ठीक आहेत. मुंबईला नाहीत.

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. मुख्य ती ०९/२७ (०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे). वारा बहुतेक वेळा समुद्राकडून, त्यामुळे विमानं २७वरून पश्चिमेला उडतात, जुहूच्या समुद्रावर जातात आणि दिल्लीचं असेल तर उजवीकडे वळतात. उतरताना उलट खेळ. दिल्लीहून उत्तरेकडून आलेलं विमान सरळ उतरत नाही. ते शहराच्या पूर्वेला जातं, नवी मुंबईच्या बाजूने वळून घाटकोपर-कुर्ल्याच्या छपरांवरून पश्चिमेला तोंड करून येतं. अंतराच्या आकड्यात हा वळसा कुठेच नसतो.

एका धावपट्टीवर तासाला चढणारी-उतरणारी मिळून ४६ विमानं हाताळली जात होती. आकाशात घिरट्या फार वाढल्या म्हणून फेब्रुवारी २०२४मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांसाठी हा आकडा ४४वर आणायला सांगितलं. ४४ म्हणजे दर ८२ सेकंदांना एक. यात एका विमानाने धावपट्टी सोडायला अर्धा मिनिट जास्त घेतला, एकाला उतरता उतरता पुन्हा वर जावं लागलं, की मागची सगळी माळ सरकते. त्या वेळी सरकारने दिलेला हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे: ४० ते ६० मिनिटांच्या घिरट्यांत एका विमानाचं १.७ ते २.५ किलोलिटर इंधन जळतं.

घिरट्या म्हणजे होल्डिंग. खिडकीतून पाहताना सूर्य एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसायला लागला की समजायचं. मैदानावरच्या धावण्याच्या पट्ट्यासारखा लांबट आकार असतो: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. म्हणजे १४,००० फुटांपर्यंत एक फेरी चार मिनिटांची. त्याच्या वर सरळ बाजू दीड मिनिटाची होते आणि फेरी पाच मिनिटांची. फेऱ्या मोजल्या की किती वेळ गेला ते घड्याळ न बघता सांगता येतं.

दुसरा प्रकार जमिनीवरचा आहे, आणि प्रवासी त्यावरच जास्त चिडतात. दारं बंद, सगळे पट्टे लावून बसलेले, आणि विमान हलत नाही. उद्घोषणा होते की मुंबईकडून स्लॉट मिळालेला नाही. देशभरातल्या विमानांचा ओघ सांभाळणारी मध्यवर्ती यंत्रणा दिल्लीत आहे. मुंबईत अमुक तासात इतकी विमानं मावणार नाहीत असं दिसलं की ती काही विमानांना उगमावरच उशिरा उडण्याची वेळ देते. वर घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा हे स्वस्त आणि सुरक्षित. मग दारं बंद कशाला करतात? कारण दिलेल्या वेळेला विमान उडायला तयार नसेल तर ती वेळ जाते आणि पुन्हा रांगेत लागावं लागतं.

पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा मुंबईच्या धावपट्ट्यांची डागडुजी होते. त्या दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ विमानतळ बंद. तारीख महिने आधी जाहीर होते आणि वेळापत्रक तिच्याभोवतीच बेतलेलं असतं, पण पाचनंतरची गर्दी काही टळत नाही. त्या संध्याकाळचं तिकीट शक्यतो घेऊ नये.

दिल्लीची गोष्ट वेगळी. तिथे धावपट्ट्या चार आहेत. चौथी जुलै २०२३मध्ये, उंचावरून जाणाऱ्या पूर्वेकडच्या टॅक्सी-मार्गासोबत सुरू झाली. त्याआधी तिसऱ्या धावपट्टीवर उतरून टर्मिनल १ला जायला विमानाला जमिनीवर ९ किलोमीटर फिरावं लागे, आता २. म्हणून दिल्लीत घोळ क्षमतेचा कमी आणि दिशेचा जास्त. वारा पश्चिमेचा असेल तर विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरतात, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या मुंबईच्या विमानाला शहराच्या पूर्वेला जाऊन मागे वळावं लागतं. वारा पूर्वेचा असेल तर तेच विमान पश्चिमेच्या बाजूने थोडक्यात रांगेत येतं. एकाच आठवड्यातल्या दोन दिवसांत सात-आठ मिनिटांचा फरक एवढ्यानेच पडतो.

वाऱ्याचं आणखी एक. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. मुंबई–दिल्ली मार्ग उत्तरेपासून फक्त २१-२२ अंश पूर्वेला कललेला, त्यामुळे हा वारा बराचसा आडवा लागतो. ८० नॉटचा पश्चिमी वारा धरला तर जाताना त्यातले ३० नॉट पाठीशी असतात, पण नाक वाऱ्याकडे तिरकं धरावं लागल्याने ६ नॉट जातात. निव्वळ फायदा २४. येताना मात्र ३० आणि ६, दोन्ही तोट्यात; एकूण ३६. सपाट उड्डाणाच्या ६९० किलोमीटरवर जाण्या-येण्यात फरक पडतो सुमारे सात मिनिटांचा. मुंबई–कोलकाता (१,६६५ किलोमीटर) जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. तिथे नुसता ५० नॉटचा वारा असला तरी फरक वीस मिनिटांवर जातो, आणि हिवाळी वेळापत्रकात कोलकात्याहून परतीचा वेळ जास्त छापलेला असतो तो त्याचमुळे.

दिल्लीचं धुकं ही मात्र खरी डोकेदुखी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, पहाटे ते सकाळी नऊ-दहापर्यंत. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट ३ बी यंत्रणा आहे. तिच्या आधाराने धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटर असतानाही उतरता येतं. पण त्यासाठी विमान आणि वैमानिक दोन्ही त्या दर्जाचे लागतात, आणि उडायला साधारण १२५ मीटर दृश्यता लागते. म्हणून धुक्यात एक विचित्र प्रकार होतो: विमानं उतरत राहतात, उडू शकत नाहीत, उभ्या राहायच्या जागा भरतात आणि मग उतरणाऱ्यांनाही थांबावं लागतं. इंधन ठरलेल्या पातळीला आलं की विमान जयपूर, लखनौ, अमृतसर किंवा अहमदाबादला वळतं. तिथे इंधन भरणं, पुन्हा वेळ मिळणं आणि या सगळ्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा न संपणं, एवढं जमलं तरी दोन-तीन तास गेलेच. जानेवारीत दिल्लीत सकाळी अकराची बैठक असेल तर आदल्या रात्री पोचा. सकाळच्या पहिल्या विमानावर विसंबू नका. दुपारी बारानंतरचं विमान त्यातल्या त्यात बरं, पण सकाळचा तुंबारा त्याच्याही वाट्याला येतो, कारण तेच विमान सकाळपासून फेऱ्या मारत असतं.

जानेवारीतली दुसरी अडचण प्रजासत्ताक दिनाची. संचलनाच्या तालमी आणि २६ तारखेसाठी दिल्लीवरचं आकाश काही तास बंद ठेवतात. २०२५मध्ये १९ ते २६ जानेवारी रोज सकाळी १०.२० ते दुपारी १२.४५ असं होतं. तिकीट काढताना हा पट्टा टाळलेला बरा.

ब्लॉक टाइमचा आकडा पैशांशीही बांधलेला आहे. पुरेशी आधी सूचना न देता कंपनीच्या कारणाने विमान रद्द केलं, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमातली भरपाई याच आकड्यावर ठरते. रद्द झाल्यावर मिळणारी रक्कम ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००; किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. मुंबई–दिल्ली हवेत पावणेदोन तास असलं तरी तिकिटावर सव्वादोन आहे, म्हणून ते १०,०००च्या गटात येतं. काउंटरवरच्या माणसाने ‘उड्डाण दोन तासांच्या आतलं आहे’ म्हटलं तर तिकिटावरच्या दोन वेळा दाखवायच्या. ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल तर दोन तासांच्या उशिरानंतर खाण्यापिण्याची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांच्या पुढच्या उशिराला दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. धुकं, एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रणाचा) अडथळा अशा कारणांना रोख भरपाई नाही.

राहिला घर ते मुक्काम हिशोब. बहुतेक कंपन्यांचे सामान घेणारे काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतात, गेट साधारण २५ मिनिटं आधी. सुटण्याच्या दोन तास आधी पोचणं म्हणजे काउंटर बंद होण्याच्या एकच तास आधी पोचणं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दादरहून रस्त्याने एक तास धरा, पावसात दीड. मेट्रो ३ आता कफ परेडपासून टी-१ आणि टी-२ दोन्ही टर्मिनलांजवळून जाते, त्यामुळे दक्षिण मुंबईकरांचा हा आकडा पहिल्यांदाच भरवशाचा झाला आहे. फक्त टर्मिनल तिकिटावर आदल्या दिवशी पुन्हा बघा. सांताक्रूझचं टी-१ आणि सहारचं टी-२ एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरवर आहेत, आणि त्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी अर्धा तास जातो. दिल्लीत तर टर्मिनल १ बाकीच्यांपासून आणखी लांब. टी-३ला उतरलात तर एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो नवी दिल्ली स्थानकापर्यंत वीस मिनिटांत नेते. टी-१ला उतरलात तर मजेंटा लाइन, आणि ती कनॉट प्लेसला थेट जात नाही, गाडी बदलावी लागते. पट्ट्यावर बॅग येईपर्यंतची वीस मिनिटं वेगळी धरा.

राजधानी संध्याकाळी पाचला मुंबई सेंट्रलहून सुटते आणि सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्लीत असते, म्हणजे साडेपंधरा तास, त्यातले सात-आठ झोपेचे. पहाटे सहाच्या विमानासाठी तीनला उठणारा दिल्लीत पोचतो तोही साधारण त्याच वेळेला.